‘आरोहण’ : एका उपेक्षित युद्धपटाची साक्ष

युद्धपट म्हटला की रणगाड्यांच्या रांगा, तोफांचा गडगडाट आणि अखेरीस डौलाने फडकणारा ध्वज, एवढेच चित्र सर्वसामान्य प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. या ठरीव साच्यात न बसणारे जे मोजके युद्धपट निर्माण झाले, त्यांत सोव्हिएत दिग्दर्शिका लारिसा शेपित्को यांच्या ‘आरोहण’ या चित्रपटाचे स्थान फार वरचे आहे. पाश्चात्त्य देशांत तो ‘द असेंट’ या नावाने ओळखला जातो. १९७७ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला ‘सुवर्ण अस्वल’ हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तथापि युद्धपटांची चर्चा निघते तेव्हा त्याचे नाव क्वचितच ऐकू येते.

बेलारूसचे लेखक वासिल बिकोव यांच्या ‘सोत्निकोव’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या लघुकादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, प्रदेश जर्मनांनी व्यापलेला बेलारूस. रानात दडलेल्या गनिमी तुकडीसाठी अन्न मिळवावे म्हणून सोत्निकोव आणि रिबाक हे दोघे भर हिवाळ्यात बाहेर पडतात. सोत्निकोव आजारी, खोकल्याने बेजार. रिबाक धडधाकट, व्यवहारी आणि मनाने वाईट मुळीच नाही. गोळी लागून जायबंदी झालेल्या सोबत्याला तो बर्फातून अक्षरशः फरफटत, पण जिवंत परत आणतो. पुढे तीन मुलांच्या आईच्या घरी आसरा घेतला असता दोघेही पकडले जातात, आणि येथून खरी कथा सुरू होते.

रिबाक हा हिशेबी माणूस आहे. मेलेला सैनिक कोणाच्याच उपयोगाचा नाही, जिवंत राहिलो तर निसटून पुन्हा लढता येईल, असे त्याचे गणित. त्यासाठी थोडी माहिती दिली तर बिघडले कोठे? जर्मनांच्या पोलिसांत नाव घातले तर तेही तात्पुरतेच! यांतील प्रत्येक पायरी सुटी घेतली तर समंजसपणाची वाटते. बेरीज मात्र विश्वासघाताची होते. सोत्निकोव छातीवर तापल्या लोखंडाचा डाग सोसतो, पण तोंड उघडत नाही. माणूस एका क्षणात फितूर होत नाही, हप्त्याहप्त्याने होतो, हे या चित्रपटाचे मर्म आहे. म्हणूनच तो युद्धाची झळ न लागलेल्या, कचेरीत वा शाळेत नोकरी करणाऱ्या माणसालाही अस्वस्थ करतो. वरिष्ठांच्या एखाद्या अन्यायाकडे ‘तूर्त’ काणाडोळा करणाऱ्याला रिबाक परका वाटण्याचे कारण नाही.

हा आशय संवादांपेक्षाही छायाचित्रणातून प्रकट होतो. व्लादिमीर चुखनोव आणि पावेल लेबेशेव यांनी हा चित्रपट कृष्णधवल चित्रित केला. मुरोम या रशियन गावाच्या परिसरात, हाडे गोठविणाऱ्या थंडीत हे चित्रीकरण झाले. पडदाभर पसरलेल्या पांढऱ्या बर्फावर माणूस म्हणजे केवळ एक काळा ठिपका. त्याला दडायला झाड नाही की सावली नाही. कॅमेरा कधी माणसाबरोबर बर्फात लोळतो, धापा टाकतो. पुढे कैदेत मात्र तोच कॅमेरा चेहऱ्यांच्या अगदी निकट जाऊन स्थिरावतो. सोत्निकोवचा चेहरा प्राचीन धर्मचित्रांतील संतासारखा उजळत जातो, आणि रिबाकच्या नजरेतील चलबिचल लपविण्यास काही आडोसाच उरत नाही. आल्फ्रेड श्निट्के यांचे संगीतही बराच वेळ जणू दूर थांबून राहते आणि फाशीच्या प्रसंगी हळूहळू उंचावत जाते.

त्या प्रसंगी सोत्निकोवबरोबर गावचा वृद्ध मुखिया, ती माता आणि एक ज्यू मुलगी यांनाही फासावर चढविले जाते. मरणाऱ्या सोत्निकोवची दृष्टी गर्दीतील एका लहान मुलावर खिळते. त्या मुलाच्या डोळ्यांतील पाणी हाच त्याच्या मृत्यूचा एकमेव मोबदला. रिबाक जगतो, पण त्या जगण्याचे ओझे असह्य होऊन तो गळफास घेऊ पाहतो आणि तेही त्याला साधत नाही. समोर फाटक उघडे आहे, पलीकडे मोकळा हिमाच्छादित प्रदेश आहे. मात्र पाऊल उचलण्याचे बळ सरले आहे. दिग्दर्शिका त्याचा धिक्कार करीत नाही. तिने त्याला त्याच्या हिशेबाच्या शेवटच्या ओळीपर्यंत नेऊन सोडले आहे.

या चित्रपटाच्या वाट्याला आलेल्या विस्मृतीस दैवाचाही हात आहे. २ जुलै १९७९ रोजी पुढील चित्रपटाच्या तयारीत असताना शेपित्को मोटार अपघातात मृत्यू पावल्या. तेव्हा त्या ४१ वर्षांच्या होत्या. त्याच अपघातात छायाचित्रकार चुखनोव यांचाही अंत झाला. त्यांचे पती एलेम क्लिमोव यांनी तो अपुरा चित्रपट पूर्ण केला. पुढे १९८५ साली बेलारूसच्याच संहारावर त्यांनी ‘कम अँड सी’ हा चित्रपट निर्मिला. त्याची कीर्ती जगभर झाली आणि पत्नीची कृती त्या छायेत राहिली.

युद्धाच्या संहाराची भीषणता दाखविणारे चित्रपट हवेतच. परंतु बंदूक हातातून गेल्यावर माणसापाशी काय उरते, हा प्रश्न विचारणारे चित्रपट विरळा असतात. ‘आरोहण’ हा प्रश्न विचारतो आणि उत्तराची जबाबदारी प्रेक्षकावर सोपवितो. फिल्म सोसायट्यांनी आणि महाविद्यालयीन मंडळांनी तो आवर्जून दाखवावा. त्यानंतर सभागृहात होणारी चर्चा कदाचित थोडी होईल. पण ती केवळ चित्रपटाविषयीची खास राहणार नाही.