पहिला फोटो जपून ठेवा

मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. तरीही आज डोळ्यांच्या एका तपासणीबद्दल बोलणार आहे. कारण हा विषय मी घरातच शिकलो, आणि शिकायला उशीर झाला.

आमचे अब्बा शिंपी होते. साठी उलटली तरी चष्मा लावून सुईत दोरा एका झटक्यात ओवायचे. पण शेजारी ठेवलेल्या चहाच्या कपाला त्यांचा धक्का लागायचा, दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचा. आम्ही म्हणायचो, "अब्बा, जरा बघून चाला ना." शेजारी म्हणायचे, "मोतीबिंदू असेल, पिकू द्या, मग काढू." आम्ही तो पिकण्याची वाट पाहत राहिलो. १९९४ साली डॉक्टरांकडे नेले तेव्हा कळले, हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू आहे. एक डोळा गेला होता. दुसऱ्याने नळीतून पाहावे तेवढेच दिसत होते.

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून दुसरे बसवता येते. काचबिंदूत दृष्टीची नस वाळत जाते. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून, म्हणजे दृष्टिपटलावरून, दहा-बारा लाख तंतू निघतात आणि त्यांची मोळी होऊन ती मेंदूकडे जाते. हीच ती नस. तिचे तंतू हळूहळू मरतात, आणि मेलेला तंतू परत येत नाही. डोळ्यातला वाढलेला दाब हे मोठे कारण खरे. पण दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही अनेकांना हा आजार होतो. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही.

दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, मधली शाबूत राहते. म्हणून तर सुईत दोरा ओवला जातो! एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, उरलेली मेंदू भरतो. जिथे दिसत नाही तिथे काळोखही दिसत नाही. दक्षिण भारतातल्या मोठ्या पाहण्यांत काचबिंदू निघालेल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला तो आहे याची कल्पनाच नव्हती.

मग तो ओळखायचा कसा? नस पाहून. जिवंत माणसाच्या डोळ्यात आत डोकावण्याची सोय १८५१ साली जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झ यांच्या उपकरणाने झाली. नस जिथे पडद्यातून बाहेर पडते तिथे एक गोल चकती दिसते, तिच्या मध्यभागी लहानशी वाटी. तंतू मरू लागले की काठ झिजतो आणि वाटी रुंद, खोल होते. गंमत अशी की, ग्रेफे या थोर नेत्रवैद्यांना सुरुवातीला ही खोलगट वाटी फुगीर वाटली होती. थोड्याच वर्षांत त्यांनी चूक सुधारली. डोळ्याने पाहिलेलेही फसवते, ते असे.

पुढे पडद्याचे फोटो काढणारे कॅमेरे आले. आणि १९९१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ओसीटी हे तंत्र जगापुढे ठेवले. घाटात हाक मारली की समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनी येतो आणि कडा किती लांब याचा अंदाज येतो. ओसीटीत हाकेऐवजी मंद अवरक्त प्रकाश असतो. पडद्याच्या प्रत्येक थरावरून तो परततो. प्रकाशाचा वेग प्रचंड, घड्याळ लावून तो मोजता येत नाही. म्हणून त्याच प्रकाशाचा दुसरा भाग आरशावरून परत आणून दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि त्यावरून कोणता थर किती खोलीवर आहे ते ठरते. इंजेक्शन नाही, क्ष-किरण नाहीत. हनुवटी टेकवून काही सेकंद एका खुणेकडे पाहायचे, बस्स.

नसेभोवतीच्या तंतूंच्या थराची सरासरी जाडी निरोगी माणसात साधारण ९० ते १०० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यंत्र तुमचा आकडा तुमच्या वयाच्या निरोगी माणसांशी ताडून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देते.

पण रंगावर विसंबू नका. मोठ्या उणे नंबरचा चष्मा असेल तर निरोगी डोळाही लाल दिसू शकतो. उलट ज्याचा थर मुळातच जाड, त्याचा बराच झिजला तरी रंग हिरवाच राहतो. म्हणून खरी तुलना परक्याशी नव्हे, आपल्याच जुन्या फोटोशी.

माझेच पाहा. आई-वडील किंवा भावंडांत काचबिंदू असला की धोका वाढतो, म्हणून आठ वर्षांपूर्वी मी पहिला ओसीटी केला. डाव्या डोळ्याचा आकडा ९१. दोन वर्षांनी ९०. वयानुसार थोडे कमी होतेच, आणि चार-पाच मायक्रॉनचा फरक मोजणीतही पडतो. पाचव्या वर्षी ८४ आला. डॉक्टरांनी घाई केली नाही. काही महिन्यांनी पुन्हा पाहिले, ८३. रंग अजून हिरवा, कडेच्या नजरेची चाचणी स्वच्छ, मला स्वतःला काहीच जाणवत नव्हते. तरी थेंब सुरू झाले. तेव्हापासून आकडा ८२-८३ वर थांबलेला आहे.

थेंबांनी गेलेले परत मिळत नाही, असलेले टिकते. टिकलेले जाणवत नाही, म्हणून लोक कंटाळून थेंब सोडतात. मीही सोडले असते; फाइलीतले ते चार कागद सोडू देत नाहीत.

एक लक्षात ठेवा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शक्यतो एकाच यंत्रावर तपासा. आजार फार पुढे गेला की थर आणखी पातळ होत नाही, तेव्हा फोटोपेक्षा कडेच्या नजरेची चाचणी अधिक सांगते. फोटो, दाब आणि नजर, तिन्ही मिळून निदान होते.

चाळिशी ओलांडली असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल, तर पुढच्या वेळी चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा "डॉक्टर, जरा नसही पाहा," एवढे म्हणा. फोटो काढला तर तो लग्नाच्या अल्बमइतकाच जपा. अब्बांचे लग्नातले फोटो आमच्याकडे आहेत. त्यांच्या डोळ्याचा मात्र एकही नव्हता.