बीपीची गोळी मध्येच सुटते तेव्हा

उच्च रक्तदाबाची गोळी सुटण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे तपासणीत आलेला चांगला आकडा. दाब १४०/९० च्या खाली उतरला की आजार बरा झाला असे धरले जाते. प्रत्यक्षात तो आकडा गोळीमुळे आलेला असतो. बहुतेक रुग्णांत या आजाराचे एकच कारण सापडत नाही. आनुवंशिकता, वय, मीठ, वजन यांचा तो एकत्रित परिणाम असतो. गोळी ही कारणे दूर करत नाही. ती रक्तवाहिन्या सैल करते किंवा जादा मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढते, आणि अंमल ओसरला की दाब पुन्हा चढतो. मात्र तो लगेच चढत नाही, आणि फसगत होते ती इथेच. अ‍ॅम्लोडिपिनचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर दोन दिवसांनी मोजलेला दाब ठीक दिसू शकतो. ‘गोळीवाचून काही अडले नाही’ असे ठरते, आणि पुढे दाब चढतो तेव्हा कोणी मोजत नसते.

डोके दुखले किंवा चक्कर आली तरच गोळी घ्यायची, हा दुसरा समज. वाढलेला दाब बहुधा जाणवतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार उच्च रक्तदाब असलेल्या जवळपास निम्म्या प्रौढांना त्याचा पत्ताच नसतो. या शांततेत हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, डोळ्यांच्या पडद्यावरील आणि मूत्रपिंडांतील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, मेंदूत रक्ताची गाठ अडकून किंवा रक्तस्राव होऊन अर्धांगवायूचा झटका येतो. उलट वरचा दाब १० मिलिमीटरने उतरवला तर या झटक्याचा धोका साधारण पावपट कमी होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे.

सर्वांत चिवट समज म्हणजे गोळ्यांनी किडनी खराब होते. तो निघतो कुठून हेही समजण्यासारखे आहे: डायलिसिसवरचा शेजारी वर्षानुवर्षे बीपीच्या गोळ्या घेत होता, हे सर्वांनी पाहिलेले असते. पण किडनी निकामी होण्याच्या प्रमुख कारणांत मधुमेहाबरोबर उच्च रक्तदाबच येतो, आणि आजारी किडनी स्वतः दाब वाढवते, म्हणून गोळ्याही वाढतात. टेल्मिसार्टनच्या गटातील औषधे तर लघवीतून प्रथिने जाणाऱ्या रुग्णांत किडनी वाचवण्यासाठीच दिली जातात. ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. त्यावर रक्ततपासणीने लक्ष ठेवतात. खेदाची गोष्ट अशी की किडनीच्या भीतीने ही गोळी टाळणारेच सांधेदुखीवर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक बेधडक घेतात. किडनीला इजा करण्याचा आणि दाब वाढवण्याचा दोष खरा या वेदनाशामक गोळ्यांकडे जातो.

पायांना सूज आली किंवा कोरडा खोकला लागला म्हणूनही गोळी सुटते. सूज अ‍ॅम्लोडिपिनमुळे, खोकला रामिप्रिल-एनालाप्रिलमुळे येऊ शकतो; दोन्हींना पर्याय आहेत. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन एकदम थांबवणे मात्र धोक्याचे: पहिल्या दोन औषधांनंतर नाडी वाढून छातीत दुखू शकते, क्लोनिडिननंतर दाब उसळतो. एक वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नयेत.

गोळी एकदा लागली की कधीच कमी होत नाही, हेही पूर्ण खरे नाही. वजन उतरले, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आले, तर काहींचा डोस डॉक्टर टप्प्याटप्प्याने, दाब मोजत कमी करतात.

सगळा दोष रुग्णाच्या निष्काळजीपणावर टाकणे अन्यायाचे आहे. आरोग्य केंद्रात साठा नसणे, दरवेळी मजुरी बुडणे, गोळ्यांची संख्या जास्त असणे यांनीही खंड पडतो. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात म्हणूनच ठरावीक औषधे, सलग पुरवठा आणि घराजवळच्या केंद्रातून महिन्याच्या गोळ्या यांवर भर दिला गेला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे त्यातले सुरुवातीचे जिल्हे. दोन औषधे एकाच गोळीत दिली तर चुकण्याचे प्रमाण घटते, आणि अशा एकत्रित गोळ्या २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.