पेटीचा हिशेब आपण करतो, पाण्याचा कोण करणार?



गटाच्या बैठकीत कर्जमागणी आली की आपण आधी काय बघतो? पेटीतली शिल्लक. दहा हजार शिल्लक असताना कुणी पंधरा हजार मागितले, तर ती कितीही जवळची असली तरी आपण तिला थांबायला सांगतो. गावाच्या पाण्याचंही असंच असायला हवं. पण तिथे शिल्लक कुणी मोजत नाही. ज्याची मोटार मोठी, त्याला पाणी आधी. आणि मार्च उजाडला की हंडा मात्र आपल्याच डोक्यावर!

हा हिशेब गावाला करता येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तो करून दाखवला. तिथे पाऊस साधारण ४०० मिलिमीटर, म्हणजे कमीच. पोपटराव पवार सरपंच असताना गावाने डोंगरावर चर खणले, बंधारे बांधले, झाडं लावली. पण नुसतं पाणी अडवून ते थांबले नाहीत. दरवर्षी पावसाळा संपला की किती पाऊस पडला, विहिरींना किती पाणी आहे, हे ग्रामसभेत मांडतात. याला ते पाण्याचा ताळेबंद म्हणतात. माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, मग उरलेल्या पाण्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. ऊस, केळी नको आणि शेतीसाठी बोअर नको, हा नियम गावानेच केला.

आपणही थोडं गणित करून बघू. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर रानावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होतं. ४०० मिलिमीटर पडला तर ४० लाख लिटर. आता गाव हजार माणसांचं धरू. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे गावाला रोज ५५ हजार लिटर, वर्षाला सुमारे २ कोटी लिटर लागतं. एवढं पाणी फक्त ५ हेक्टरवर पडतं! सगळंच काही हाती लागत नाही. बरंच वाहून जातं, काही उन्हाने उडतं. तरी विचार करा, आपल्या गावाचं शिवार केवढं मोठं आहे. मग हंडा रिकामा का? कारण प्यायचं पाणी आधी बाजूला काढून ठेवायचं, हे कुणी ठरवलेलंच नाही.

हे ठरवायची जागा म्हणजे ग्रामसभा. आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची, असं आपल्या महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. गावाचा वर्षाचा विकास आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. पैसा नाही असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या, पण मान्य करू नका. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला. तो कशावर खर्च झाला, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

इथे माझी एक चूक कबूल करते. नोकरीला नवीन होते तेव्हा एका गावात महिला सभेचं रजिस्टर घेऊन मी घरोघरी सह्या गोळा केल्या. सभा झालीच नाही. कागदावर मात्र ४० बायका हजर! पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावातल्या एक मावशी मला म्हणाल्या, "पोरी, तू सही घेतलीस, पण पाण्याचं विचारलं नाहीस." ते आजही मनाला लागतं. म्हणून सांगते, सभा झाल्याशिवाय सही करू नका. मी आले तरी नाही.

पुढच्या महिला सभेला जाताना तीन गोष्टी ठरवून जा:

१. ग्रामपंचायतीने पर्जन्यमापक बसवावा आणि रोजची नोंद फळ्यावर लिहावी.

२. दिवाळीच्या आधी, रब्बीची पेरणी ठरण्यापूर्वी, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचून दाखवावा.

३. पिण्याच्या विहिरीचं पाणी आधी राखून ठेवावं, आणि तिच्या आसपास नवीन बोअर होऊ नये.

नुसतं तोंडी बोलून येऊ नका. ठराव लिहून घ्या, भाऊसाहेबांकडून वाचून घ्या आणि त्याची प्रत ग्रामसंघाच्या फाईलला लावा. मग तो ग्रामसभेपुढे मांडायला पाच-दहा जणी मिळून जा. एकटीचा आवाज दबतो, गटाचा दबत नाही, हे कर्जवसुलीच्या वेळी आपण अनुभवलंच आहे.

पेटीची किल्ली आपण नीट सांभाळतो. आता गावाच्या पाण्याचीही सांभाळू.

तुमची क्षेत्र समन्वयक