विजेच्या संस्था चालवणारी माणसे येतात कुठून?

मागच्या उन्हाळ्यात कल्याण पूर्वेच्या एका विहारात सौरऊर्जेची माहिती देणारी सभा झाली. माहिती द्यायला आलेली संस्था बाहेरगावची होती. बोलणारे तिघेही तरुण, तिघेही इंजिनिअर. मनापासून बोलले. पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान मिळते, हे त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवून समजावले. शेवटी मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "आमची खोली भाड्याची आहे. आम्हाला काय मिळणार?" तिघांनी एकमेकांकडे पाहिले. हा प्रश्न त्यांच्या तयारीत नव्हता.

सभा उठताना आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करणाऱ्या एका मुलाने आम्हाला बाजूला घेऊन दुसरा प्रश्न केला, "अशा संस्थेत वरच्या जागेवर जायला काय शिकावं लागतं?"

हा लेख त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. लिहिताना लक्षात आले की आजींच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच अडकलेले आहे.

पहिली गोष्ट, या क्षेत्राचे नेतृत्व करायला इंजिनिअरच असावे लागते हा समज खरा नाही. आपल्या वाचकांना याचे सर्वांत मोठे उदाहरण घरातच सापडेल. जुलै १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ आणि कायदेपंडित. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन, हे त्यांचे शिक्षण. विजेच्या तंत्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी जे प्रश्न मांडले, ते आजही या क्षेत्राचे मूळ प्रश्न आहेत. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल? शेतीवर अवलंबून असलेल्या देशाची गरिबी उद्योगांशिवाय हटणार नाही आणि उद्योग विजेशिवाय उभे राहणार नाहीत, अशी त्यांची मांडणी होती. १९४४ साली त्यांच्याच काळात केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. तांत्रिक बाजू सांभाळायला इंजिनिअर घेतले, पण वीज कोणासाठी हा प्रश्न त्यांनी स्वतःकडे ठेवला. त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या शासकीय मालिकेचा दहावा खंड याच कारकिर्दीचा आहे. आपल्याकडे जयंतीला त्याच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, ही आमची जुनी तक्रार.

आता महाराष्ट्रातल्या संस्थांकडे येऊ. ऊर्जाधोरणावर काम करणारी पुण्याची प्रयास ही संस्था १९९४ ची. तिच्या ऊर्जा गटाचे संस्थापक गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे. गिरीश संत आयआयटी मुंबईतून केमिकल इंजिनिअरिंग शिकले, तिथेच ऊर्जाविषयक पदव्युत्तर शिक्षण घेतले. मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती, ती वाट त्यांनी धरली नाही. वागळे इंजिनिअरिंगकडून सामाजिक शास्त्रांकडे वळले आणि पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवू लागले. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पावरून राज्यात रण पेटले तेव्हा या छोट्या गटाने वीज खरेदी कराराचे आकडे सोडवून दाखवले. वीज घेतली नाही तरी मंडळाला पैसे कसे भरावे लागतील आणि डॉलर चढला की बोजा कोणावर पडेल, हे सामान्य माणसाला त्यामुळे कळले. शेतीपंपांच्या सवलतीचा फायदा नेमका कोणत्या शेतकऱ्यांना होतो, याचाही त्यांनी अभ्यास केला. गिरीश संत फेब्रुवारी २०१२ मध्ये अकाली गेले, पण संस्था थांबली नाही. घराघरांत छोटी यंत्रे बसवून वीज किती वेळ जाते आणि दाब किती राहतो हे मोजायचे कामही तिने केले आहे.

पुण्याचीच दुसरी संस्था आरती. (अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने शासनाने काढलेली आर्टी वेगळी, घोटाळा नको.) ग्रामीण भागाला उपयोगी तंत्रज्ञानासाठी ही आरती १९९६ साली डॉ. आनंद कर्वे यांनी उभी केली. उसाच्या पाचटापासून कोळसा आणि खरकट्यापासून गॅस, या दोन कामांसाठी तिला २००२ आणि २००६ मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. खरकट्याचा गॅस संयंत्र म्हणजे प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या, एकात एक उलटी बसवलेली. कल्पना इतकी साधी की कोणालाही सुचेल असे वाटते. पण ती सुचण्यामागे काय होते? आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ, जर्मनीतून डॉक्टरेट घेतलेले. आई समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे, वडील रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे, आजोबा महर्षी धोंडो केशव कर्वे. मुलगी प्रियदर्शिनी कर्वे भौतिकशास्त्रात डॉक्टरेट असून याच क्षेत्रात काम करते. चार पिढ्यांचे शिक्षण एका घरात. यात त्यांचा दोष काहीच नाही, त्या शिक्षणाचा त्यांनी लोकांसाठी उपयोग केला. पण आपल्या मुलाशी तुलना करताना हा हिशेब मांडावाच लागतो.

राजस्थानातल्या तिलोनियाचे बेअरफूट कॉलेज जगभर गाजले ते निरक्षर आणि अल्पशिक्षित स्त्रियांना, त्यातही आज्यांना, सौर दिव्यांचे काम शिकवण्यासाठी. आफ्रिकेतल्या खेड्यांतून बायका तिथे शिकायला आल्या. सर्किट जोडायला पदवी लागत नाही, हे या कॉलेजने सिद्ध केले. पण १९७२ मध्ये ते सुरू करणारे बंकर रॉय डून स्कूल आणि सेंट स्टीफन्सचे विद्यार्थी, शिवाय स्क्वॉशचे राष्ट्रीय विजेते. हाताने काम करणारी माणसे सगळीकडून येऊ शकली, संस्था काढणारा मात्र तिथेही सुखवस्तू घरातूनच आला. आयआयटी मुंबईतले चेतन सोळंकी थोडे वेगळे. मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यातील शेतकरी घरात जन्म, बेल्जियममधून डॉक्टरेट, आणि २०२० पासून सौर बस घेऊन ऊर्जा स्वराज्य यात्रा. पण संस्था काढण्याआधी त्यांच्या पाठीशी प्राध्यापकाची नोकरी होती.

आणि एक उदाहरण याच्या अगदी उलट. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना. सौरऊर्जा हा तिचा मूळ विषय नाही, पण दरवाढीच्या प्रत्येक सुनावणीत तिचे नाव असते. होगाडे समाजवादी चळवळीतून आणि जनता दलाच्या राजकारणातून आले. त्यांच्यामागे यंत्रमागाचे गाव होते, ज्याचे पोट विजेच्या बिलावर चालते. भिवंडी आपल्या शेजारी आहे, तिथले यंत्रमागवाले आणि कामगार हे चांगले समजू शकतील.

या सगळ्यांत समान काय आहे ते आम्ही शोधत होतो. पदवी समान नाही, विषयही समान नाही. समान आहेत ती पहिली तीन वर्षे निभावण्याची सोय. तीन हा आकडा आम्ही उगाच घेतलेला नाही. कंपन्यांचा सीएसआर निधी घ्यायचा तर संस्थेला किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो. परदेशी देणगीसाठी नोंदणी हवी असेल तर संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या काळात किमान १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले हवेत. पूर्वी मोठी संस्था परदेशातून आलेल्या पैशातला वाटा छोट्या संस्थेला देऊ शकत असे. २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद केले. म्हणजे नव्या माणसाने आधी तीन वर्षे स्वतःच्या किंवा ओळखीच्यांच्या पैशावर संस्था चालवायची. ज्याच्या पहिल्या पगारातून बहिणीचे लग्न आणि वडिलांचे औषध व्हायचे आहे, त्याने ही तीन वर्षे कुठून आणायची?

आपल्या समाजात विजेचे ज्ञान नाही असे मात्र नाही. ठाणे, कळवा, उल्हासनगर, कल्याण, कुठल्याही वस्तीत विचारा, वीज मंडळातून निवृत्त झालेला वायरमन, ऑपरेटर किंवा लाइनमन सापडेल. मंडळ सरकारी होते, आरक्षण होते, म्हणून ही माणसे तिथे पोहोचली. जून २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, पण त्या सरकारीच राहिल्या. पुढे भिवंडीत २००७ पासून आणि मुंब्रा-कळवा-शीळ भागात मार्च २०२० पासून वीज वितरण खासगी फ्रँचायझीकडे गेले. तिथल्या भरतीला सरकारी आरक्षण लागू नाही. स्वयंसेवी संस्थांना तर ते कधीच नव्हते. जिथे खांबावर चढायचे तिथे आपली माणसे आहेत, जिथे दर आणि योजना ठरतात तिथे फारच थोडी.

याने फरक काय पडतो? आता आजींच्या खोलीकडे जाऊ. चाळीत चार भाडेकरूंमध्ये घरमालकाच्या नावाचा एकच मीटर असतो. समजा प्रत्येक खोलीत महिन्याला ८० युनिट वीज जळते. प्रत्येकाचा स्वतंत्र मीटर असता तर चौघेही १०० युनिटांच्या पहिल्या, सर्वांत स्वस्त टप्प्यात बसले असते. एका मीटरवर ती ३२० युनिट होतात. त्यातली फक्त १०० स्वस्त दराने, पुढची २०० दुसऱ्या टप्प्याने आणि वरची २० तिसऱ्या टप्प्याने. गरिबासाठी ठेवलेली सवलत गरिबालाच मिळत नाही. त्यावर घरमालक आपला गोल आकडा लावतो तो वेगळाच. छप्पर मालकाचे, त्यामुळे सौर पॅनेलचे अनुदानही मालकाचे. इमारतीच्या कागदपत्रांचा घोळ असेल तर तेही नाही. चाळीत वाढलेला माणूस संस्थेच्या वरच्या जागेवर असता, तर त्याने सभेची सुरुवात मीटरपासून केली असती. त्या तीन तरुणांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी आयुष्यात सबमीटरचे बिल भरलेले नाही, इतकेच.

दारे बंद आहेत असेही समजू नये. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार नवी जोडणी मागण्याचा अधिकार मालकाबरोबर जागेत राहणाऱ्यालाही आहे. कार्यालयात मालकाचे ना-हरकत पत्र मागितले जाते आणि तिथे गाडी अडते. नेमका हाच मुद्दा लेखी मांडण्यासारखा आहे. याच कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे वीज नियामक आयोग ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी कोणालाही प्रतिनिधी नेमू शकतो. महाराष्ट्रात प्रयास आणि मुंबई ग्राहक पंचायत असे प्रतिनिधी राहिले आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखानदारांची संघटनाही आहे. आपल्याच परिसरातले कारखाने तिथे बसले, त्या कारखान्यांच्या आसपासच्या वस्त्या बसल्या नाहीत. प्रतिनिधी नसतानाही दरवाढीच्या प्रस्तावावर कोणीही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो. मूळ प्रस्ताव शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो, तरी त्याचा मराठी सारांश मिळतो. सुरुवात त्यानेच करावी.

संस्था आपल्या वस्तीत आली तर ती कोण चालवते हे विचारण्यात संकोच नको. न्यास असेल तर विश्वस्तांची नावे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या नोंदीत असतात, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची असेल तर संचालकांची नावे कंपनी निबंधकाकडे. पदवीबरोबर हेही पाहावे की या मंडळात भाड्याच्या घरात राहणारे, वायरमनचे काम केलेले, वस्तीत वाढलेले कोणी आहे का. आपल्या विहारांच्या समित्यांपैकी कित्येक न्यास म्हणून वर्षानुवर्षे नोंदलेल्या आहेत. हिशेब तपासलेले आहेत, तीन वर्षांची अट केव्हाच पूर्ण झाली आहे, आणि छप्पर स्वतःचे आहे. घटनेतल्या उद्देशांत ऊर्जा किंवा पर्यावरण हा शब्द नसेल तर तेवढी दुरुस्ती करून घ्यावी लागेल. नव्या मुलाला शून्यापासून संस्था काढायला लावण्यापेक्षा हे सोपे आहे, असे आम्हाला वाटते. समितीतल्या ज्येष्ठांना ते पटवणे किती सोपे आहे, हा भाग निराळा.

त्या आयटीआयच्या मुलाला आम्ही आधी एक निवृत्त वायरमन काका गाठून दिले. दोघे मिळून रविवारी विहारात आपापली वीज बिले घेऊन येणाऱ्यांची नोंद करतात. कोणाचा मीटर कोणाच्या नावावर, एका मीटरवर किती खोल्या, युनिट किती, मालक किती घेतो. आजी पहिल्याच रविवारी आल्या. त्यांच्याकडे बिल नव्हते, मालकाने पेनाने आकडा लिहून दिलेली चिठ्ठी होती. काकांनी ती वहीत चिकटवून घेतली.