इंजिनावरचा चिकटा

आमच्याकडे खंडेनवमीला गाडीची पूजा व्हायची ती बॉनेट उघडून. बाहेरच्या पत्र्याला हार घालून भागत नाही, ओढणारा आत बसलाय, असं आप्पांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्या 1998 सालच्या मारुती 800 च्या इंजिनाला दरवर्षी हळदकुंकवाचं बोट लागायचं. तीन वर्षांपूर्वी मी ते बोट टेकवलं आणि ते चिकटलं. इंजिनाच्या एका अंगावर काळपट, मेणचट थर चढला होता. आप्पांची दृष्टी अधू झाल्यापासून गाडी मीच अधूनमधून काढत होते, पण बॉनेट उघडून पाहणं राहूनच गेलं होतं.

त्याच आठवड्यात गाडी विकायचं ठरलं. जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारा एजंट घरी आला, बॉनेटखाली डोकावला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, आधी डिझेल मारून इंजिन धुऊन घ्या. वर पॉलिश फिरवलं की चकाचक. तेलबिल काही दिसणार नाही.’’

हे शेवटचं वाक्य मला खटकलं. चिकटा आहे त्या अर्थी तेल कुठून तरी झिरपतंय. मग धुवायचा तो मळ, की गळतीचा पुरावा? मी कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. फळ्यावर साबणाचा रेणू शेकडो वेळा काढला. म्हटलं, हे काम आपणच अंगणात करू आणि करता करता तेलाचा माग काढू.

आधी हा चिकटा काय असतो ते पाहू. इंजिनातल्या जोडांमध्ये रबराची किंवा दाबलेल्या जाड कागदाची पॅकिंग असतात, फिरत्या दांड्यांभोवती ऑइल सील असतात. उष्णतेनं ती वर्षानुवर्षं कडक होत जातात आणि तेल थेंबाथेंबानं बाहेर येतं. रस्त्यावरची धूळ त्यावर बसते, तेल पिते आणि तिचा लेप होतो. हा लेप उष्णता धरून ठेवतो, रबरी नळ्या मऊ पाडतो, त्यांच्या भेगा झाकतो. तापलेल्या एक्झॉस्टजवळ तो साचला तर आगीचीही भीती असते.

घरात तेलकट भांडं घासण्याचा अनुभव सगळ्यांनाच असतो, पण तो इथे अर्धाच उपयोगी पडतो. चकल्या तळलेली कढई पूर्वी राखेनं निघायची, कारण राखेत क्षार असतात आणि खाद्यतेलावर क्षाराची क्रिया होऊन त्याचा थोडा साबणच बनतो. इंजिनातलं खनिज तेल वेगळ्या घडणीचं. तो हायड्रोकार्बनांचा समूह. क्षार कितीही ओता, त्याचा साबण होत नाही. कॉस्टिक सोडा उलट घातच करतो. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो.

दुसरा मार्ग कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. फणस चिरताना हाताला खोबरेल लावतात, कारण चिकाला पाणी हलवू शकत नाही, तेल हलवतं. सजातीयात सजातीय विरघळतं. गॅरेजमधला डिझेल वॉश याच तत्त्वावर चालतो आणि चिकटा झरझर उतरवतो. पण डिझेल स्वतःचा ओशट पापुद्रा मागे ठेवतं, त्यावर महिन्याभरात पुन्हा धूळ बसते. त्यानं काही जातींचं रबर फुगतं. आणि ते पेटतं. रॉकेलची वाफ साधारण 35 ते 40 अंश सेल्सियसपासून पेट घेऊ शकते, पेट्रोलची तर उणे 40 च्या आसपासही. चालून आलेल्या इंजिनातलं पाणीच 90 अंशांच्या घरात असतं आणि एक्झॉस्ट त्याच्या कितीतरी पट तापलेला. पेट्रोलच्या बोळ्यानं इंजिन पुसणारे लोक मी पाहिले आहेत. ते कोणीही करू नये.

तिसरा मार्ग या दोन्हींच्या मधला. साबणाच्या किंवा डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक पाण्याच्या ओढीचं, दुसरं तेलाच्या. तेलकट टोकं थेंबात रुततात, पाण्याकडची बाहेर राहतात आणि तेलाचा कण सुटा होऊन पाण्याबरोबर वाहून जातो. रिठा आणि शिकेकाईतली सॅपोनिनं हेच काम करतात; अभ्यंगस्नानाचं तेल केसांतून उतरतं ते त्यांच्यामुळे. बाजारात मिळणारा पाण्यात मिसळणारा डीग्रीसर म्हणजे अशा रेणूंचं तीव्र मिश्रण, बहुधा थोड्या द्रावकासह.

या शास्त्राचा एक धागा थेट मोरीपाशी जातो. जर्मनीत ब्राउनश्वाइग इथे राहणाऱ्या ॲग्नेस पॉकेल्सला ती स्त्री असल्यामुळे विद्यापीठाचं दार बंद होतं. घरकाम सांभाळून तिनं पत्र्याची एक पसरट कुंडी तयार केली, पृष्ठभागावर सरकती पट्टी ठेवली आणि तेलाच्या, साबणाच्या अंशानं पाण्याचा पृष्ठताण कसा बदलतो ते वर्षानुवर्षं मोजलं. जानेवारी 1891 मध्ये तिनं लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. त्यांनी ते ‘नेचर’कडे धाडलं आणि मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे तिच्याच कुंडीची सुधारित आवृत्ती वापरणाऱ्या आयर्विंग लँगम्यूर यांना पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी 1932 चं नोबेल मिळालं. वर्गात मी लँगम्यूर दरवर्षी शिकवला. पॉकेल्स मला निवृत्तीनंतर वाचताना भेटली.

आता कृती. गाडी रात्रभर उभी होती, इंजिन पूर्ण थंड. गरम इंजिनावर डीग्रीसर लगेच वाळून डाग पडतात आणि तापलेल्या धातूवर गार पाणी पडल्यास तडा जाण्याचा धोका असतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. मग कोरडं काम: वायपरखालच्या खाचेतली कुजलेली पानं, उंदरानं आणून ठेवलेला कापूस, सुटी धूळ. हा टप्पा गाळला तर पाणी पडताच त्या सगळ्याचा चिखल होतो.

नंतर झाकाझाकी. पाणी आणि वीज जिथे भेटायला नको तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड: डिस्ट्रिब्युटर, कॉइल, अल्टरनेटर, बॅटरी. एअर फिल्टरचं तोंड बंद, तेलाचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट. नव्या गाड्यांत संगणकाची पेटी, सेन्सर आणि फ्यूजबॉक्सही याच यादीत येतात. तिथे तर शक्यतो ओल्या फडक्यापलीकडे जाऊच नये.

डीग्रीसर बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पातळ करून, हातमोजे घालून, खालून वर फवारला. वरून सुरुवात केली तर ओघळांचे पट्टे उठतात. पाच-सात मिनिटं थांबले, पण वाळू दिला नाही. रंगाचा जुना ब्रश रुंद भागांना, दात घासायचा खाचांना. पट्ट्यावर एक थेंबही नाही, तो घसरायला लागतो. धुण्यासाठी पाइपचा झोत वापरला नाही. जोराचं पाणी सीलमधून, वायरच्या जोडांतून आत शिरतं आणि प्लगच्या खळग्यांत साचतं. मग गाडी अडखळते किंवा सुरूच होत नाही. कुंड्यांना पाणी मारायचा फवारा आणि सुती फडकी एवढ्यावर काम झालं.

खाली जुनी पोती आणि लाकडाचा भुसा पसरला होता, कारण तो काळा ओघळ गटारात गेला की पुढे कृष्णेतच जाणार. वापरलेलं तेल आपल्याकडच्या 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. तो भुसा मी वेगळा भरला आणि जळकं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात नेऊन दिला.

पिशव्या काढून, पुसून, बॉनेट दुपारभर उघडं ठेवलं. मग तार जोडून इंजिन सुरू केलं. ते लागलं. पॉलिश मात्र फिरवलं नाही, कारण खरं काम आता होतं. आप्पांच्या टेबलावरची टाल्कम पावडर संशयाच्या जोडांवर भुरभुरवली आणि गावाबाहेर वीस किलोमीटर जाऊन आले. कोरड्या पांढऱ्या पावडरीवर तेलाचा ओला माग लगेच उमटतो. तेल खाली ओघळतं, वाऱ्यानं मागे पसरतं, म्हणून सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा. मला दोन सापडले. एक टॅपेट कव्हरच्या कडेला. ते पॅकिंग किरकोळ खर्चात बदलून झालं. दुसरा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याशी, खालच्या बाजूला. मिस्त्री म्हणाले, ‘‘मागचं ऑइल सील गेलंय, ताई. सील स्वस्त आहे, पण गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’’

एजंटचं मत होतं की धुतलेल्या इंजिनावर हे पंधरा दिवस तरी कळणार नाही. त्याचं म्हणणं खरंच होतं, अडचण तीच होती. गाडी बघायला भाजीचा धंदा करणारा एक तरुण आला. त्याची पहिलीच गाडी. मी त्याला बॅटरीच्या उजेडात तो सांधा दाखवला. त्यानं आपल्या मिस्त्रीला फोन लावला, मग ठरलेल्या किमतीतून सहा हजार कमी करा म्हणाला. मी केले. एजंट चहा न घेताच गेला.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, ‘‘अगं, तेल कुठून येत होतं मग?’’ मी सांगितलं.

‘‘तरीच,’’ ते म्हणाले. ‘‘खंबाटकीच्या चढाला क्लच जळका वास मारायचा. मला वाटायचं, माझाच पाय नीट पडत नाही.’’