गार द लियाँ ते ऱ्होनचा धक्का

नदीपर्यटनाच्या माहितीपत्रकांत जहाजाचे वर्णन पानोपानी असते. त्या जहाजापर्यंत पोहोचायचे कसे, हे मात्र एका ओळीत आटोपलेले असते. फ्रान्समधील ऱ्होन नदीवरच्या अनेक सफरी लियाँ शहरातून निघतात. पॅरिसहून तेथवरचा रेल्वेप्रवास हा त्या सहलीचा पहिला अध्यायच म्हणावा लागेल.

‘गार द लियाँ’ हे स्थानक, नावात लियाँ असले तरी, पॅरिसमध्येच आहे. १९००च्या जागतिक प्रदर्शनानिमित्त त्याची आजची भव्य वास्तू उभी राहिली. उंच घड्याळाचा मनोरा ही तिची खूण. आतील ‘ल त्रँ ब्लू’ या उपाहारगृहाचे छत चित्रांनी मढलेले आहे. तेथील दरपत्रक पाहून मध्यमवर्गीय भारतीय पर्यटक छत पाहण्यावरच समाधान मानतो! गाडीचा फलाट क्रमांक सुटण्यापूर्वी साधारण २० मिनिटे फलकावर झळकतो आणि दारे २ मिनिटे आधीच बंद होतात. धावत गाडी पकडण्याचे आपले कौशल्य येथे निरुपयोगी ठरते.

याच मार्गावर सप्टेंबर १९८१मध्ये टीजीव्ही ही अतिवेगवान गाडी प्रथम प्रवाशांसाठी धावली. आज ताशी ३०० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने ती सुमारे २ तासांत लियाँ गाठते. खिडकीबाहेर बर्गंडीची हिरवी कुरणे आणि त्यांत चरणाऱ्या पांढऱ्याशुभ्र शारोले गाई दिसतात. लियाँमध्ये उतरण्यासाठी तिकिटावर पार-द्यू किंवा पेराश हे नाव असावे. सँतेक्झ्युपेरी हे विमानतळाचे स्थानक शहरापासून दूर आहे. विमानाने शार्ल द गोल विमानतळावर उतरणाऱ्यांना तेथूनही थेट लियाँची टीजीव्ही मिळते; पॅरिस शहरात जाण्याची गरज नाही.

खरा प्रश्न वेळेच्या जुळणीचा आहे. विमान, रेल्वे आणि जहाज यांची तिकिटे वेगवेगळी काढली, तर एकाच्या विलंबाची जबाबदारी दुसरा घेत नाही, आणि जहाज एका दाम्पत्यासाठी थांबत नाही. आयुष्यभराच्या बचतीतून निघालेल्या निवृत्तांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. जहाज चुकल्याची भरपाई त्यात आपोआप अंतर्भूत नसते. ते कलम वाचूनच पॉलिसी घ्यावी. आमच्या मते एक दिवस आधी लियाँला पोहोचणे सर्वांत श्रेयस्कर. त्या मुक्कामाचा खर्च हा विम्याचा हप्ताच समजावा.

लियाँमध्ये सोन नदी ऱ्होनला मिळते आणि जहाज दक्षिणेकडे निघते. पुढे बोलेनच्या जलपाशात ते सुमारे २३ मीटर खाली उतरते. दोन्ही बाजूंच्या ओल्या भिंती उंच होत जातात, आकाशाची एक चिंचोळी पट्टी उरते. मग समोरचे दार उघडते आणि ऊन पुन्हा डेकवर येते.