रामदास बोटीची अकरा वर्षे

रायगड-रत्नागिरीकडच्या जुन्या घरांत ‘रामदास बोट’ हे नाव आजही निघते. पण सगळे तिला ओळखतात ते एकाच सकाळमुळे. त्याआधी अकरा वर्षे ही बोट कुणाची चाकरी करत होती, हे मुलांना कुणी सांगत नाही. आम्ही ते आधी सांगणार आहोत.

रामदास १९३६ साली इंग्लंडातल्या स्वॉन हंटर कारखान्यात बांधली गेली. लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट, नोंदणी जेमतेम ४०६ टनांची. हाजींना जेद्दाहला नेणाऱ्या मोगल लाइनच्या जहाजांपुढे ती लहानच. मालक होती इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. स्वदेशीच्या चळवळीतून निघालेल्या या कंपनीला लोक आपुलकीने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत आणि तिने बोटींना संतांची नावे दिली. याच कंपनीच्या तुकाराम आणि जयंती या बोटी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, एकाच दिवशी बुडाल्या होत्या.

त्या काळी कोकणचा रस्ता म्हणजे समुद्रच. खाड्यांवर पूल नव्हते, रेल्वे तर फार नंतरची. गिरणीतला कामगार, मासळी विकणारी कोळीण, सुट्टीवर घरी निघालेला खलाशी, सगळे आगबोटीनेच ये-जा करत. आपल्या कोकणी मुस्लिम बांधवांची रोजीरोटी तर पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवरच होती.

१७ जुलै १९४७, गुरुवार. दिव्याची अवस आली होती आणि शाबान संपत आला होता. रमजान दोन-तीन दिवसांवर होता. गावी जाणाऱ्यांची गर्दी होती. सकाळी आठच्या सुमारास रामदास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. भर पावसाळा, खवळलेला समुद्र. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आदळून बोटीत पाणी शिरले. घाबरलेले लोक एका बाजूला धावले, तोल गेला आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक जीव गेले. त्यांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे होते.

बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. संध्याकाळ होत आली तरी मुंबईला खबर नव्हती. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या रेवसकडच्या कोळ्यांनी आपला माल समुद्रात टाकला आणि त्या जागी माणसे उचलून घेतली. वाचलेल्यांपैकी कित्येक जण त्यांच्यामुळे वाचले.

एकोणतीस दिवसांनी देश स्वतंत्र झाला. फाळणीच्या धुमाळीत ही बोट मागे पडली.

पण तिची गोष्ट जुनी झालेली नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेली प्रवासी लाँच नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून बुडाली, तेव्हाही अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. सुट्टीत मुलाबाळांना घेऊन लाँचमध्ये बसाल तेव्हा जॅकेट मागून घ्या. गर्दी जास्त दिसली तर खुशाल उतरा आणि पुढची लाँच धरा. घरी अर्धा तास उशिरा पोहोचलात, तरी कुणी रागावणार नाही.

आणि घरात कुणी बुजुर्ग हयात असतील तर विचारा, आपल्या गावचे, आपल्या खानदानातले कोण त्या बोटीवर होते. नावे वहीत लिहून ठेवा. येत्या रमजानमध्ये दुआला हात उठतील, तेव्हा त्या मरहूम मुसाफिरांची नावे ओठांवर असू द्या.